कर्णा आणि त्याचा जोडीदार

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस हुगळी नदी मोठे वळण घेते, त्या काठाला गार्डन रीच म्हणतात. १८५६ साली अवधचे राज्य गमावून वाजिद अली शाह येथे आला आणि शेजारच्या मटियाबुर्जात त्याने आपले हरवलेले लखनौ पुन्हा मांडण्याचा खटाटोप केला. ठुमरी आली, कथ्थक आले, सारंगिये आणि तबलजी आले. त्या महफिलीत गाणारा आणि ऐकणारा यांच्यात अंतर थोडे, आणि आवाज पोचवायला गळ्याखेरीज दुसरे साधन लागत नसे. १८८७ साली नवाब वारला. त्याच वर्षी बंगाल-नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिचे मुख्यालय याच गार्डन रीचला आले. १८९२ मध्ये जवळच खिदिरपूरची गोदी सुरू झाली. पुढे, आज नेताजी सुभाष यांच्या नावाने ओळखली जाणारी, दुसरी गोदी उघडली. नदीकाठी १८८४ साली निघालेला एक लहानसा कारखाना वाढत वाढत जहाजे बांधू लागला, १९६० मध्ये तो सरकारच्या ताब्यात आला, आणि स्वतंत्र भारतात बांधली गेलेली पहिली युद्धनौका ‘अजय’ १९६१ मध्ये तेथूनच नौदलात गेली. महफिलीचा काठ यंत्रांचा काठ झाला.

जेथे यंत्रे बोलू लागतात तेथे माणसाचा गळा अपुरा पडतो. गोदीतला मुकादम, जहाजावरचा कप्तान आणि रेल्वे फलाटावरचा निवेदक या तिघांनाही मग एका मदतनिसाची गरज भासते. या मदतनिसाला मराठीत आपण ‘ध्वनिवर्धक’ म्हणतो आणि मांडववाल्याकडे जाऊन ‘लाऊडस्पीकर’ मागतो. शब्द एक, पण त्याच्या पोटात यंत्रे दोन आहेत. एक आवाजाचा विद्युत् संदेश बळकट करणारे, त्याचे नाव अ‍ॅम्प्लिफायर. दुसरे त्या बळकट विजेतून पुन्हा हवेतला आवाज काढणारे, म्हणजे स्पीकर किंवा कर्णा. एकाच शब्दाने दोघांना हाक मारण्याची सवय जडल्यामुळे, या दोघांचे एकमेकांशी जमते की नाही हा प्रश्नच सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारला न गेल्याने काय होते, ते फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला चांगले ठाऊक असते.

विदर्भातील प्रवाशांचा तर गार्डन रीचशी जुना ऋणानुबंध आहे. इतवारी, भंडारा रोड, गोंदिया ही स्थानके ज्या नागपूर विभागात मोडतात, त्याचा कारभार २००३ मध्ये बिलासपूरला नवी रेल्वे निघेपर्यंत गार्डन रीचच्या मुख्यालयाकडेच होता. अशा एखाद्या स्थानकावर गाडी कोणत्या फलाटावर येणार हे कर्ण्यातून सांगितले जाते. ‘सात’ आणि ‘आठ’ हे दोन शब्द घ्यावेत. दोहोंतला स्वर एकच, दीर्घ ‘आ’. फरक आहे तो केवळ व्यंजनांचा. आवाजातील बळ बहुतेक सारे स्वरांत असते. व्यंजने दुबळी, क्षणभराची आणि उंच स्वरपट्टीतली. कर्ण्यातून येणारा आवाज फाटला, की ‘आ’ तेवढा मोठ्याने ऐकू येतो आणि ‘स’, ‘त’, ‘ठ’ ही अक्षरे त्या गोंगाटात बुडून जातात. मग बिछाना, पोर आणि म्हातारी आई घेऊन एखादा कुटुंबवत्सल गृहस्थ पूल चढून भलत्याच फलाटावर जातो. आवाज मोठा होता, पण तो ऐकू आला नाही. हा विरोधाभास समजून घ्यायचा तर त्या दोन यंत्रांच्या जोडीकडे वळले पाहिजे.

साध्या स्पीकरला, ज्याच्या पेटीत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसतो त्याला, स्वतःची काहीही ताकद नसते. चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे आणि त्याला चिकटवलेला पडदा एवढाच त्याचा संसार. वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला की ते पुढेमागे हलते, पडदा हवेला ढकलतो आणि आवाज होतो. या घडणीचा स्पीकर अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये पुढे आणला, आणि आजचे बहुतेक स्पीकर त्याच वंशातले आहेत. ढकलण्याचे बळ पुरवायचे ते अ‍ॅम्प्लिफायरने. विहिरीवरच्या मोटेचे चित्र येथे उपयोगी पडेल. बैल म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, मोट म्हणजे स्पीकर आणि दोहोंमधला नाडा म्हणजे तार. बैल चांगले, मोट चांगली आणि नाडाही नवा असून पाणी वर येत नाही असे होऊ शकते. आणि मोट बैलांच्या ताकदीबाहेरची असली तर बैलांच्या जिवावरही बेतते.

स्पीकरच्या पाठीवर ‘८ ओहम’ असे छापलेले आढळते. उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला वाटेत जी अडवणूक होते तिला संरोध म्हणतात आणि ओहम हे तिचे माप. छापील आकडा हा एक ठोकताळा असतो, हे आधी सांगितलेले बरे. तारा तपासण्याच्या मीटरने पाहिले तर त्याच स्पीकरचा रोध सहा ओहमच्या आसपास भरतो, कारण तो मीटर केवळ तांब्याची अडवणूक मोजतो. खऱ्या आवाजात मात्र हा आकडा स्वराप्रमाणे बदलतो. पडद्याचा स्वतःचा जो नैसर्गिक खर्जातला स्वर असतो तेथे तो तीस-चाळीस ओहमपर्यंत चढतो, मग उतरतो, आणि उंच स्वरांकडे पुन्हा चढू लागतो. आंतरराष्ट्रीय मानकाची अट एवढीच, की तो छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरने ६.४ च्या खाली उतरू नये.

आता खरी गोम. आठ ओहमच्या एका स्पीकरशेजारी दुसरा तसाच स्पीकर त्याच दोन तारांवर जोडला, तर संरोध सोळा होत नाही, चार होतो. सभागृहाला एक दार होते तेथे दुसरे उघडले, तर बाहेर पडणाऱ्या गर्दीची अडवणूक निम्मी होते, तसे हे आहे. चार स्पीकर असे जोडले तर दोनच ओहम उरतात. मांडवात हेच नेहमी घडते. यजमानांना आवाज कमी वाटतो, मांडववाला आणखी एक पेटी आणून त्याच तारांना अडकवतो, आणि ती बोलूही लागते. सगळ्यांना वाटते, काम झाले.

काय झाले ते आकड्यांत पाहावे. आठ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर त्या वेळी सुमारे २८ व्होल्टचा दाब लावत असतो आणि साडेतीन अँपिअर प्रवाह पुरवत असतो. आजच्या ट्रान्झिस्टरी अ‍ॅम्प्लिफायरचा स्वभाव असा, की समोर काहीही असो, तो आपला दाब तोच ठेवू पाहतो. चार ओहमच्या ओझ्यापुढे त्याला सात अँपिअर द्यावे लागतात, शक्ती होते २०० वॅट. दोन ओहमपुढे चौदा अँपिअर आणि ४०० वॅट. एवढे देण्याची त्याची कुवत नसते. चांगल्या घडणीच्या यंत्रात संरक्षक मंडल असते, ते अशा वेळी यंत्र बंद करते आणि यजमान मांडववाल्यावर रागावतात. स्वस्त यंत्रात ते नसते. तेथे ट्रान्झिस्टर जळतो, आणि बहुधा असा जळतो की आतल्या विजेचा सरळ प्रवाह थेट स्पीकरच्या वेटोळ्यात शिरतो. वेटोळे क्षणभर धूर टाकते आणि तेही जाते. एका चुकीत दोन बळी. ज्या गरीब माणसाची सारी पुंजी त्या दोन पेट्यांत गुंतलेली असते, त्याचा तो हंगामच बुडतो.

उपाय अवघड नाही. चार स्पीकरच हवे असतील तर दोन-दोन एकामागून एक जोडून दोन माळा कराव्यात आणि मग त्या माळा शेजारी-शेजारी लावाव्यात. एका माळेचे सोळा ओहम, दोन माळांचे मिळून पुन्हा आठ. अ‍ॅम्प्लिफायरला वाटते समोर एकच स्पीकर आहे. मात्र चारही स्पीकर एकाच जातीचे असावेत, आणि प्रत्येकाची धन-ऋण टोके सारखी लागावीत. नाहीतर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघे मिळून एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात.

अ‍ॅम्प्लिफायरचा आणि स्पीकरचा ओहम ‘जुळला’ पाहिजे असे जाणकारही बोलतात. हा शब्दप्रयोग व्हॉल्व्हच्या काळातला वारसा आहे. काचेच्या व्हॉल्व्हला हजारो ओहमचे ओझे लागते. पाच हजार म्हणू. स्पीकर तर आठ ओहमचा. म्हणून दोहोंमध्ये एक रोहित्र बसवावे लागे, ज्याच्या एका बाजूच्या वेढ्यांची संख्या दुसऱ्या बाजूच्या पंचवीस पट असे, कारण संरोध वेढ्यांच्या प्रमाणाच्या वर्गाने बदलतो. त्या रोहित्रातून ४, ८ आणि १६ ओहम अशी वेगवेगळी टोके बाहेर काढलेली असत आणि स्पीकर नेमका आपल्या टोकाला लावणे हे खरोखरीचे जुळवणे होते. ट्रान्झिस्टरी यंत्राचे तसे नाही. त्याचा स्वतःचा आतला संरोध ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो. तो आठच्या बरोबरीला आणण्याचा प्रश्नच येत नाही, आणि आणला तर निम्मी शक्ती यंत्राच्या आतच उष्णता होऊन जाईल. यंत्रावर ‘किमान ४ ओहम’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ ‘याच्याखाली उतरू नका’ एवढाच. वर कितीही असले तरी धोका नाही, शक्ती तेवढी कमी मिळते.

भीतीच्या बाबतीतही दोघांचे स्वभाव उलट आहेत. व्हॉल्व्हच्या यंत्राला रिकामेपणाची भीती: स्पीकर न लावता ते जोरात चालवले तर रोहित्रात दाब इतका चढतो की आतले वेष्टन फुटते. ट्रान्झिस्टरला रिकामेपणाचे भय नाही, त्याला भय आहे तारा एकमेकींना चिकटण्याचे. जुन्या यंत्रावर हात बसलेल्या कारागिराने नवे यंत्र आणले की होणाऱ्या बऱ्याच अपघातांचे मूळ या उलट्या स्वभावात आहे, आणि त्यात कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला शिकवलेला नियम खरा होता, यंत्र बदलले.

ओहमनंतर वॅट. या आकड्याचा बाजारात फार बोलबाला आहे आणि तो सर्वांत कमी समजलेला आहे. कानाची पट्टी बेरजेची नसून गुणाकाराची आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे ‘थोडा वाढला’ असे वाटते. ‘दुप्पट झाला’ असे वाटायला शक्ती सुमारे दसपट करावी लागते. पन्नास वॅटच्या ठिकाणी शंभर वॅटचे यंत्र आणणाऱ्याच्या पदरी म्हणूनच निराशा पडते. त्याने पाहायला हवा होता तो दुसराच आकडा, स्पीकरची संवेदनशीलता: एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल. पेटीतला साधारण स्पीकर ९० डेसिबल देतो. चांगला कर्णा १०६ देतो. हा सोळा डेसिबलचा फरक शक्तीच्या हिशेबात चाळीस पटींचा आहे. पेटीला जे काम करायला शंभर वॅट लागतात, ते कर्णा अडीच वॅटांत करतो. कर्ण्याचा आवाज गोड नसतो हे खरे, पण गाडीची वेळ सांगायला गोडव्याची फारशी जरुरी नसते.

९० डेसिबलच्या त्या पेटीत घातलेल्या शंभर वॅटांपैकी पुरता एक वॅटही आवाज होत नाही. उरलेली सारी शक्ती वेटोळ्यात उष्णता म्हणून मुरते. स्पीकरवर छापलेला वॅटचा आकडा म्हणजे वेटोळे किती उष्णता सोसू शकते याचा दाखला. तो मोठा असला म्हणजे आवाज मोठा, असे नव्हे.

मग शंभर वॅटच्या स्पीकरला कितीचा अ‍ॅम्प्लिफायर लावावा? सामान्य माणूस म्हणेल, कमीचा लावावा, म्हणजे स्पीकर सुरक्षित. येथे त्याची फसगत होते. गाण्यात आणि बोलण्यात शक्ती एकसारखी नसते. तबल्याच्या थापेला क्षणभर जेवढी लागते त्याच्या एक-दशांशही एरवी लागत नाही. लहान अ‍ॅम्प्लिफायरची खुंटी पिरगाळून त्याच्याकडून मोठा आवाज काढू गेले, की या थापांचे शेंडे त्याला झेपत नाहीत. लाटेचा गोल माथा कापला जाऊन सपाट होतो. कापलेल्या लाटांची सरासरी शक्ती वाढते, इतकी की पन्नास वॅटचे यंत्र जवळजवळ शंभर वॅट ओतू लागते. खर्ज कापला जात असताना उंच स्वर मात्र वाढतच राहतात, आणि पेटीतला नाजूक छोटा स्पीकर, ज्याच्यावर फक्त उंच स्वरांची जबाबदारी असते, तो पहिल्याने जळतो. शिवाय कापलेल्या माथ्यांतून जो खरखरीत गोंगाट उपजतो त्यात व्यंजने नाहीशी होतात. ‘सात’चा ‘आठ’ होतो तो येथे.

म्हणून गाण्याबजावण्यासाठी स्पीकरच्या सलग क्षमतेच्या दीडपट ते दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा आणि तो आवरून चालवावा, ही जाणत्यांची रीत. ‘आवरून’ या शब्दावर सारा भार आहे. गार्डन रीच आणि मटियाबुर्ज या दाट वस्त्या. भिंतीला भिंत लागलेली. १९९६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने कर्ण्यांना लगाम घातला, तेव्हा न मागितलेला आवाज न ऐकण्याचाही नागरिकाला अधिकार आहे ही गोष्ट देशाच्या कानावर आली. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम निघाले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णा लावण्याला बंदी झाली. नियम वॅट मोजत नाहीत, कानाशी पोचणारे डेसिबल मोजतात. यंत्रविद्येच्या दृष्टीनेही तेच शहाणपणाचे आहे.

येथवरचा विचार झाला तो बैल आणि मोट यांचा. नाड्याचा विचार फलाटाशिवाय पुरा होत नाही, आणि फलाटाचा विषय निघावा तर खरगपूरला गेले पाहिजे. गार्डन रीचच्याच अखत्यारीतले हे स्थानक. त्याचा १,०७२ मीटर लांबीचा फलाट बरीच वर्षे जगातला सर्वांत लांब म्हणून गाजला. २०१३ मध्ये गोरखपूरने त्याला मागे टाकले आणि २०२३ मध्ये हुबळीने गोरखपूरला. अशा फलाटाच्या एका टोकाला निवेदकाची खोली आहे आणि दुसऱ्या टोकाला, एक किलोमीटरवर, कर्णा लावायचा आहे असे समजावे. तांब्याची तार दीड चौरस मिलिमीटर जाडीची. जाऊन-येऊन दोन किलोमीटर तारेचा रोध भरतो सुमारे २३ ओहम. कर्णा आठ ओहमचा. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरने पाठवलेल्या शक्तीपैकी तीन-चतुर्थांश तारच खाणार आणि कर्ण्याच्या वाट्याला पाव हिस्सा येणार. बैल राबतात आणि नाडाच पाणी पितो.

कोयनेची वीज मुंबईकडे दोन लाखांहून अधिक व्होल्टच्या दाबाने का पाठवतात, हे ज्याला माहीत आहे त्याला यावरचा तोडगाही सुचेल. दाब वाढवला की तीच शक्ती थोड्या प्रवाहात जाते, आणि तारेतली नासाडी प्रवाहाच्या वर्गाने घटते. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी रोहित्र लावून पूर्ण शक्तीच्या वेळी दाब १०० व्होल्टपर्यंत चढवतात, आणि प्रत्येक कर्ण्यापाशी लहान रोहित्र बसवून तो पुन्हा उतरवतात. या पद्धतीत दहा वॅट घेणारा कर्णा तारेच्या बाजूने पाहता आठ ओहमचा राहत नाही, हजार ओहमचा होतो. असे आठ कर्णे शेवटच्या टोकालाच लावले तरी त्यांचा मिळून संरोध सव्वाशे ओहम. त्यापुढे तारेचे २३ ओहम जमेस धरता आवाज दीड डेसिबलने उतरतो, जे कानाला जेमतेम जाणवावे. प्रत्यक्षात कर्णे वाटेवर पसरलेले असल्याने नुकसान याहूनही कमी.

ओहमचा सगळा गुंता येथे सुटतो आणि उरते साधी बेरीज. कर्ण्यांच्या वॅटांची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटांपेक्षा जास्त होता कामा नये, उलट पंचमांश तरी राखून ठेवावा. एवढी सोपी बेरीजही कागदावर चुकते. ‘१०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर एक, १५ वॅटचे कर्णे आठ’ अशी मागणी निविदेत सहज खपून जाते. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या ओळींत असतात, प्रत्येक ओळीचा दर स्वतंत्र तपासला जातो, आणि आठ पंधरे एकशेवीस हा पाढा म्हणणे कोणाच्याच कर्तव्यसूचीत बसत नाही. खरे तर कर्ण्यांच्या रोहित्राला १५, १०, ५ वॅट अशी टोके असतात. सगळे दहाच्या टोकावर लावले तर बेरीज ऐंशी होते आणि व्यवस्था वर्षानुवर्षे चालते. ही एक ओळ मागणीपत्रात घातली तरी पुष्कळ यंत्रे वाचतील.

या पद्धतीतही दोन खड्डे आहेत. रोहित्राशिवायचा उघडा आठ ओहमचा कर्णा चुकून या तारांवर लावला तर तो एकटाच १,२५० वॅट मागतो आणि सारी व्यवस्था बसते. दुसरा खड्डा खर्जाचा: लहान रोहित्राच्या लोखंडाला खोल स्वर पेलत नाहीत, ते चुंबकत्वाने तुडुंब भरते आणि अ‍ॅम्प्लिफायरला समोर जणू तारा चिकटल्यासारखे वाटते. म्हणून सत्तर-शंभर कंपनांखालचे स्वर आधीच गाळून टाकतात. निवेदनाचे त्यात काही बिघडत नाही. आणि शंभर व्होल्ट म्हणजे झटका देण्याइतका दाब आहे, हे तार हाती धरणाऱ्याने विसरू नये.

लांब फलाटावर एकच बलाढ्य कर्णा का लावू नये, हेही येथेच सांगायला हवे. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. खरगपूरचा फलाट ओलांडायला त्याला तीन सेकंद लागतात. जवळच्या कर्ण्याचा शब्द आणि दूरच्या कर्ण्याचा तोच शब्द यांत एक-विसांश सेकंदाहून, म्हणजे सतरा मीटरच्या फरकाहून, जास्त अंतर पडले की दूरचा आवाज जवळच्याच्या पायात पाय घालू लागतो. थोड्या थोड्या अंतरावर लहान कर्णे, प्रत्येकाचा आवाज बेताचा आणि आपल्यापुरता, ही रचना कानाला मानवते.

हेच शास्त्र गार्डन रीचच्या नदीकाठी बांधल्या जाणाऱ्या जहाजाच्या पोटात उतरते तेव्हा त्याला वेगळेच गांभीर्य येते. तेथे भिंती पोलादाच्या, दारे जाड, खाली इंजिनाची अखंड घरघर. आग लागली, पाणी शिरले, तर प्रत्येक कोठडीतल्या माणसाला ते एकाच क्षणी आणि स्पष्ट कळले पाहिजे. फलाटावर शब्द चुकला तर गाडी चुकते. येथे माणूस दाराच्या चुकीच्या बाजूला राहतो. युद्धनौकांना त्यांच्या नौदलाचे नियम लागू असतात. व्यापारी व प्रवासी जहाजांसाठी समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि त्याला जोडलेल्या संहितेने आकडेच घालून दिले आहेत: आतल्या जागांत आणीबाणीची सूचना किमान ७५ डेसिबल आणि बोलणे बुडवणाऱ्या गोंगाटाच्या किमान २० डेसिबल वर, उघड्या डेकवर ८० आणि गोंगाटाच्या १५ वर.

जहाजावर मघाचा एक नियम उलटा होतो. गाण्यासाठी दीडपट-दुप्पट अ‍ॅम्प्लिफायर चालतो, कारण गाण्यात विसाव्याचे क्षण असतात. धोक्याचा भोंगा विसावा घेत नाही. तो एकसुरी, अखंड आणि कमालीच्या जोराने मिनिटेच्या मिनिटे वाजतो. वेटोळ्याला निवण्याची उसंतच मिळत नाही. म्हणून येथे अ‍ॅम्प्लिफायर कर्ण्याच्या सलग क्षमतेच्या वर जाऊ द्यायचा नसतो, आणि खुद्द अ‍ॅम्प्लिफायरचीही पूर्ण शक्ती अखंड देण्याची तयारी तपासून घ्यावी लागते. गाण्याच्या हिशेबाने घेतलेले यंत्र रोजच्या सूचना वर्षभर उत्तम देईल आणि नेमके आगीच्या रात्री, पाचव्या मिनिटाला, मुके होईल.

प्रवासी जहाजांवर म्हणून सर्व काही दुहेरी असते: दोन स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर, आणि कर्ण्यांच्या तारांचे दोन फेरे, तेही साऱ्या लांबीत एकमेकांपासून दूर नेलेले. एक फेरा आगीत तुटून त्याच्या तारा चिकटल्या तर त्याचा अ‍ॅम्प्लिफायर शून्य ओहमपुढे उभा राहतो आणि बंद पडतो. दुसरा त्याच्या संकटाचा भागीदार नसतो. त्याच्या कर्ण्यांची बेरीज त्याच्यापुरती बसवलेली असते, आणि तो बोलत राहतो. ही मोजणी जहाज धक्क्याला शांत उभे असताना करून भागत नाही. संहितेची अट आहे की जहाज नेहमीच्या स्थितीत पाण्यातून चाललेले असावे. इंजिने पूर्ण घरघरत असताना मोजणारा हातात मीटर घेऊन एकेका कोठडीत जातो, दार लावून घेतो, आणि वरून येणाऱ्या सूचनेची वाट पाहत उभा राहतो.